कौतुक पुरे, कारभार द्या

'आदित्य-एल १'च्या निमित्ताने श्रीमती निगार शाजी यांचे नाव वर्तमानपत्रांत झळकले, तेव्हा आपल्या मंडळींनीही त्यांचे तोंड भरून कौतुक केले. "बाईमाणूस असून केवढे काम!" असा एकंदर सूर. हेतू चांगला, यात शंका नाही. पण त्या 'असून'ने सूर बिघडतो. शिवाय त्यांनी नेमके काय केले, हे विचारण्याची तसदी फारशी कोणी घेतली नाही.

तमिळनाडूतील सेंगोट्टै येथील शेतकरी कुटुंबातली ही कन्या. तिरुनेलवेलीस अभियांत्रिकी शिकून १९८७ साली त्या इस्रोत दाखल झाल्या. 'रिसोर्ससॅट-२ए' उपग्रहाच्या त्या सहयोगी प्रकल्प संचालक होत्या. पुढे सूर्याचा अभ्यास करणाऱ्या भारताच्या पहिल्या यानाचा प्रकल्प त्यांच्या हाती आला. ते यान २ सप्टेंबर २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटले आणि ६ जानेवारी २०२४ रोजी, पृथ्वीपासून सुमारे १५ लक्ष किलोमीटरवर, नेमून दिलेल्या कक्षेत स्थिरावले.

आता प्रकल्प संचालकाचे काम कोणते, ते पाहू. यानावर उपकरणे सात. त्यांतले एक बंगळूरच्या खगोलभौतिकी संस्थेचे, एक पुण्याच्या आयुकाचे, बाकीची इतर प्रयोगशाळांची. प्रत्येकाला आपल्या उपकरणासाठी जागा, वजन आणि वीज थोडी अधिकच हवी असणार. यानाचे सारे वजन मात्र दीड हजार किलोंच्या आत बसवायचे. कोणाला किती द्यावयाचे, कोणते काम चाचणीनंतर परत पाठवावयाचे, आणि हे सारे ठरल्या मुदतीत व ठरल्या पैशांत कसे बसवावयाचे, हा तो कारभार. त्यात भल्याभल्या विद्वानांना 'नाही' म्हणावे लागते, आणि फसले तर जाब आपणच द्यावा लागतो.

दरबारी गवयाच्या घरात वाढल्यामुळे कारभाऱ्याची किंमत मी जाणतो. दाद गवयाला मिळते. पण साथीला कोण बसणार, कोण आधी गाणार, बिदागी किती, हे ठरविणारा कच्चा असला तर मोठ्या गवयाचीही मैफल बसते.

आपल्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, आणि त्यात मुलीही होत्या, हे आपण अभिमानाने सांगतो. सांगावेच. पण आपल्या उत्सवांकडे जरा डोळे उघडून पाहा. स्वागतगीत मुलींचे, रांगोळी मुलींची, पाहुण्यांचे औक्षण त्यांच्याच हातून. चिटणीस कोण? खजिनदार कोण? कलावंताशी बोलणी करावयास कोण जाते? मुलीचा गळा आपल्याला हवा असतो, तिचा निर्णय मात्र नको असतो. माझ्याकडे शिकणाऱ्या मुली ताल चोख सांभाळतात. त्यांना हिशेब सांभाळता येणार नाही, असे मानण्याला आधार काय?

कोणी म्हणेल, अवकाशयान कोठे आणि गल्लीतला उत्सव कोठे! खरे आहे. परंतु निर्णय घेण्याची सवय एका दिवसात लागत नाही. श्रीमती शाजींच्याही नोकरीची १९८७ पासून २०२३ पर्यंत छत्तीस वर्षे गेली, आणि त्या काळात जबाबदारी पायरीपायरीने वाढत गेली. पहिली पायरी कोणीतरी द्यावीच लागते.

तेव्हा यंदा व्यवस्थापक मंडळ निवडताना एवढे करावे: जमाखर्चाची वही आणि सही करण्याचा अधिकार एखाद्या पंचविशीतल्या मुलीकडे द्यावा, आणि तिने 'नाही' म्हटले तर वडीलधाऱ्यांनी ते ऐकावे. सत्काराच्या शालीपेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.