बियाणे बाजूला काढूनच

भिवापूरची मिरची तिखटपणासाठी आणि गडद लाल रंगासाठी विदर्भाबाहेरही ओळखली जाते. तिला भौगोलिक मानांकनही लाभले आहे. पण त्यामुळे भाव स्थिर राहतो असे भिवापूर-उमरेडकडचा एकही शेतकरी म्हणणार नाही. एका वर्षी भाव चढलेला, दुसऱ्या वर्षी चुरडामुरड्याने झाडे आक्रसलेली, तर कधी पीक उत्तम आणि भाव कोसळलेला. म्हणून जाणता शेतकरी सगळे वावर मिरचीखाली घालत नाही. सोयाबीन, कपाशी, धान असे वाटून पेरतो, आणि घरचे धान्य व पुढचे बियाणे बाजूला काढून मगच माल बाजारात नेतो.

अशाच घरातला नोकरदार मुलगा आज मुलांच्या शिक्षणासाठी साठवलेली रक्कम भ्रमणध्वनीवरून एका दमात शेअर बाजारात ओततो, हे चित्र चिंताजनक आहे.

शेअर बाजार म्हणजे जुगार, असे आम्ही म्हणणार नाही. सामान्य बचतदार देशाच्या उद्योगात भागीदार होणे इष्टच आहे. प्रश्न मुदतीचा आहे. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्सने २१,००० चा टप्पा ओलांडला. त्याच वर्षी ऑक्टोबरात तो ८,००० च्याही खाली जाऊन आला. २१,००० पुन्हा दिसायला २०१० ची दिवाळी उजाडावी लागली. २३ मार्च २०२० रोजी तो एका दिवसात १३ टक्क्यांहून अधिक घसरला. मात्र त्या वर्षीच्या जानेवारीतील उच्चांक नोव्हेंबरातच मागे पडला. एकदा पावणेतीन वर्षे, एकदा जेमतेम दहा महिने! यातले काय वाट्याला येणार, हे घसरणीच्या दिवशी कोण सांगू शकला होता? ज्याला जूनमध्ये महाविद्यालयाचे शुल्क भरायचे आहे, त्याला थांबण्याची मुभाच नसते. तो तोट्यात विकतो आणि बाजाराला दोष देतो.

पाच-सात वर्षे हात लावावा लागणार नाही एवढाच पैसा, तोही दरमहा ठरावीक हप्त्याने, म्युच्युअल फंडाच्या मार्गाने गुंतवावा. भाव पडले की त्याच हप्त्यात अधिक युनिट पदरात पडतात. त्या वेळी घाबरून हप्ता बंद करणे म्हणजे मालाची स्वस्ताई पाहून दुकानातून पळ काढणे होय.

खरा घात वायदे आणि ऑप्शनच्या व्यवहारांत आहे. ‘सेबी’च्या २०२४ मधील अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत असे व्यवहार करणाऱ्या शंभर व्यक्तींपैकी ९३ जणांना तोटा झाला, एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून अधिक होता. झटपट परताव्याच्या आश्वासनांचा अनुभव नागपूरकरांना नवा नाही. २०१३-१४ मध्ये श्रीसूर्या आणि वासनकर या समूहांविरुद्ध गुन्हे दाखल झाले, तेव्हा तक्रारदारांत सुशिक्षित मध्यमवर्गीय मोठ्या संख्येने होते.

घरोघरी पती-पत्नींनी एकदा वही घेऊन बसावे. येत्या तीन वर्षांत कोणत्या महिन्यात किती रक्कम लागणार, ते आधी लिहावे. तेवढी रक्कम आणि सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत राहू द्यावा; तेथे प्रत्येक बँकेमागे ५ लाख रुपयांपर्यंतच्या ठेवीला विम्याचे संरक्षण आहे. सेन्सेक्सचा आकडा त्यानंतर पाहावा.