छत्री तीच, पाऊस निराळा

मृग नक्षत्र लागण्यापूर्वी कोकणातील घरांत आगोट भरली जाते. तांदूळ, मीठ, मसाले, पापड जागच्या जागी लागले की माळ्यावरच्या छत्र्या खाली उतरतात. काळ्या कापडावर पांढऱ्या रंगाने मालकाचे नाव घालण्याची जुनी रीत आता विरळ झाली आहे. पेण किंवा रोह्याच्या बाजारपेठेत दुकानाच्या पायरीशी दहा सारख्याच छत्र्या निथळत असल्या, म्हणजे त्या नावाचे मोल कळते. अडलेल्या गिऱ्हाइकाला पेढीवरची छत्री द्यावी आणि ती दुसऱ्या दिवशी परत यावी, हा व्यवहार कोणत्याच वहीत लिहिला जात नाही.

अशा घरांतील मुले-मुली आज शिक्षणासाठी इंग्लंडला जातात. निघण्याचे दिवस बहुधा सप्टेंबरचे. येथला पाऊस परतीला लागलेला असतो आणि आई सामानात लांब दांड्याची छत्री बसवू पाहते. ती बसवू नये, असे माझे मत आहे.

कारण पावसाच्या स्वभावात आहे. रायगड जिल्ह्यात वर्षाला सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. लंडनचा वर्षाचा पाऊस सुमारे 600 मिलिमीटर. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. लंडनला तेवढ्यासाठी दीड वर्ष लागेल. हे आकडे पाहून आपली माणसे तेथील पावसाला हसतात. पण तो बाराही महिने येतो, थंड असतो आणि वाऱ्याबरोबर आडवा येतो. छत्री वरून पडणारे पाणी अडविते. आडव्या भुरभुरीपुढे तिच्या काड्या उलटतात. अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहर पावसासाठी प्रसिद्ध, तरी तेथील जुने रहिवासी छत्री क्वचितच उघडतात. टोपी जोडलेल्या जाकिटावर भागवितात. सिंगापूरची गोष्ट वेगळी. तेथील सरी आपल्यासारख्याच सरळ कोसळतात आणि छत्री उपयोगी पडते.

लंडनमध्येही छत्री सहजासहजी रुजली नाही. अठराव्या शतकाच्या मध्यास जोनास हॅनवे नावाचा गृहस्थ ती घेऊन रस्त्याने चालू लागला, तेव्हा लोकांनी त्याची थट्टा केली. घोडागाडीवाले तर चिडलेच. पावसात गाडी करणारे गिऱ्हाईक पायी जाऊ लागले, तर त्यांचा धंदा बसणार होता! व्यापारी मनाला त्यांचा राग समजू शकतो.

परंतु छत्रीपेक्षा मोठी अडचण सवयीची आहे. आपल्याकडे सर आली की माणूस पागोळ्यांखाली आडोशाला उभा राहतो आणि ओसरली की निघतो. आपले साधु-साध्वी छत्री धारण करीत नाहीत. पाऊस पडत असता गोचरीलाही निघत नाहीत. थांबणे आपल्या अंगवळणी पडले आहे. तेथे मात्र भुरभुर सकाळी सुरू झाली की संध्याकाळपर्यंत चालू राहू शकते, आणि डिसेंबरात चारच्या सुमारास अंधारही पडतो. ‘थांबला की जाऊ’ असे म्हणत नवे मूल खोलीतच बसते. आधी एक तास बुडतो, मग दुसरा. पुढे मित्रमंडळींकडे जाणेही राहते. फोनवर आपण ‘छत्री घेतलीस ना?’ एवढेच विचारतो. ‘आज बाहेर पडलास का?’ हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, आणि तो रोज विचारावा.

सामानात पाणी न शिरणारे, टोपी असलेले जाकीट असावे. घेताना आतील पट्टी नीट वाचावी. थंडीच्या अनेक जाकिटांत बदकाची किंवा हंसाची पिसे भरलेली असतात; कृत्रिम धाग्याचे भरण असलेली जाकिटेही तितकीच सहज मिळतात. बुटांचेही तसेच. चामड्याशिवायचे, पाणी न शिरणारे बूट मागितले की मिळतात. घडीची लहान छत्री हवीच असेल, तर ती तेथे घ्यावी.

लांब दांड्याची छत्री पेढीवरच राहू द्यावी. गणपतीच्या दिवसांत पेणला मूर्ती न्यायला माणसे लांबून येतात आणि पाऊस तेव्हाही सांगून येत नाही.