माडी चढवण्यापूर्वी

देवळीसारख्या तालुक्याच्या गावी धाकट्या मुलाचे लग्न ठरले की, मंगल कार्यालयाच्या पाठोपाठ गवंड्याला बोलावणे जाते. कवेलूच्या घराच्या जागी पूर्वीच स्लॅबचे घर झालेले असते. त्यावर आता दोन खोल्या चढवावयाच्या. वडील, थोरला भाऊ आणि गवंडी छपरीत बसून चौरस फुटांच्या हिशेबाने बेत ठरवतात. त्या खोल्यांत जिला संसार करावयाचा, ती अद्याप माहेरी असते. जी स्वयंपाकघरात असते, तिला चहापुरतेच बाहेर बोलावले जाते.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ह्या हिशेबात एक रकाना गाळलेला दिसेल. तो वापराच्या तासांचा. बैठकीची खोली पाहुण्यांची वाट पाहत सजलेली राहते. आठ-दहा माणसांचे रांधणे जेथे पहाटेपासून चालते, ते स्वयंपाकघर मात्र दोन बायका एकमेकींना ओलांडू शकणार नाहीत इतके अरुंद. कुटुंबात माणसे वाढतात, स्वयंपाकघर तेवढेच राहते, आणि मग सासवा-सुनांच्या स्वभावाला दोष दिला जातो! माडीवरच्या खोलीची कथा निराळी नाही. वर्ध्याच्या उन्हाळ्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री आत उष्णता सोडीत राहतो. घरातील सर्वांत तापणारी खोली अशा रीतीने नव्या सुनेच्या वाट्यास येते. गुडघे धरलेल्या आजीला तर माडीचा काहीच उपयोग नाही; तिला हवे असते ते खाटेपासून चार पावलांवरचे शौचालय.

परसात जागा असल्यास आडवी वाढ अधिक सोयीची. तथापि आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. उथळ पायावर, जुन्या भिंतीला चिकटवून काढलेली खोली सांध्यावर तडकते. पाया खोल हवा आणि दोन बांधकामांत फट राखावी. माडीच चढवावयाची असल्यास जुने खांब तो भार पेलतील का, हे अभियंत्याला विचारावे.

सेवाग्राम आपल्यापासून दूर नाही. 1936 मध्ये गांधीजी तेथे राहावयास आले, तेव्हा आदि निवासाच्या एकाच दालनात कस्तुरबा, सहकारी, पाहुणे अशा सर्वांचा मुक्काम असे. कस्तुरबांची त्यात अडचण होऊ लागली, तेव्हा जमनालाल बजाज यांनी त्यांच्यासाठी वेगळी कुटी बांधवून दिली. यात्रेकरू बापू कुटीपाशी रेंगाळतात. घर वाढवू पाहणाऱ्याने बा कुटीपाशी थांबावे. एकत्र राहणाऱ्यांनाही दार लावून घेता येईल अशी जागा लागते, हे तेथे ध्यानात येते.

आणखी एका व्यक्तीचा विचार नकाशात होत नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 23 नुसार, पुरुष वारस वाटणीस तयार होईपर्यंत मुलीला राहत्या घराची वाटणी मागता येत नसे. राहण्याचा हक्कही अविवाहित, विधवा, परित्यक्ता वा पतीपासून विभक्त झालेल्या मुलीपुरताच होता. 2005 मध्ये ते कलम वगळण्यात आले. तरीही दोन भावांसाठी दोन जिने काढणारे कुटुंब, बहीण परत आली तर ती कोठे राहील, हा प्रश्न गवंड्यापुढे ठेवीत नाही.