वकट, लेंड, मूंड आणि यंत्राची मराठी

ऑनलाइन खेळांतील पात्रांची कौशल्ये तपासून सांगणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे सहायक आता मुलांच्या हाती चांगलेच रुळले आहेत. कोणते कौशल्य किती वेळ टिकते, ते कशाने निष्प्रभ होते, पुढच्या पातळीवर काय वाढवावे, असे प्रश्न त्यांना विचारले जातात आणि उत्तर क्षणात येते. साधनाला आमचा विरोध नाही. आमचा आक्षेप त्याच्या मराठीवर आहे, आणि त्याहून अधिक ‘खेळात कसली आली भाषा’ असे म्हणत ती मराठी चालवून घेणाऱ्या आमच्याच ज्येष्ठांवर आहे.

‘डोटा २’ हे उदाहरण घेऊ. पाच विरुद्ध पाच असा हा खेळ. २०१८ साली त्याच्या कर्त्यांनीच ‘डोटा प्लस’ ही सशुल्क सोय आणली. लक्षावधी सामन्यांच्या नोंदींवरून कोणती वस्तू घ्यावी, कोणते कौशल्य वाढवावे, हे ती चालू खेळातच सुचवते. या खेळात ‘स्टन’ झालेल्या पात्राला काहीच करता येत नाही. ‘सायलेन्स’ झालेले पात्र चालते, प्रहार करते, जवळची वस्तूही वापरते; त्याला मंत्र तेवढा टाकता येत नाही. ‘रूट’ झालेले जागचे हलत नाही, पण त्याचे हात मोकळे असतात. ‘डिसआर्म’ झालेले हिंडते, मंत्र टाकते, प्रहार मात्र करू शकत नाही. खेळणाऱ्याचा निर्णय नेमका या फरकांवर उभा असतो. एका सहायकाला आम्ही हे मराठीतून विचारले, तर चारांपैकी तिघांना त्याने ‘निष्क्रिय’ हा एकच शब्द लावला. वर ‘शत्रूला रोकले जाते’ अशी वाक्ये, आणि ‘कूलडाऊन’ला ‘शीतकरण वेळ’! काय थंड होते आहे, हे त्या यंत्रालाच ठाऊक.

यामागे कोणाची दुष्टबुद्धी शोधण्याचे कारण नाही. संगणकात मजकूर साठवण्याच्या यूटीएफ-८ या रूढ पद्धतीत रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. रोमन लिपीतला ‘स्किल’ पाच बाइटांत मावतो. ‘कौशल्य’ या शब्दाला अठरा लागतात. भाषेची ही यंत्रे मजकुराचे तुकडे करून वाचतात, आणि जी भाषा त्यांनी थोडी पाहिली तिच्या शब्दांचा अधिक भुगा होतो. त्यात मराठी व हिंदी यांची लिपी एक, आणि हिंदीचा साठा कितीतरी मोठा. तेव्हा यंत्राची घसरण त्याच उतारावरून होते. कारण समजले म्हणून दोष माफ होत नाही.

खरा धोका याच्याही पुढे आहे. अशा खेळांत कौशल्यांचे आकडे दर सुधारित आवृत्तीबरोबर बदलतात. सहायकाने ताजी नोंद न उघडता जुन्या स्मरणावरून उत्तर दिले, तर चुकीचा आकडा तो तितक्याच ठामपणे सांगतो. इंग्रजी वाचणारा खेळाडू बदलांची अधिकृत यादी उघडतो आणि चूक तिथल्या तिथे पकडतो. मराठी वाचणाऱ्याने ताडून पाहायचे कशाशी? ‘डोटा २’च्या भाषांच्या यादीत डॅनिश आहे, फिनिश आहे, थाई आहे, मराठी नाही. डॅनिश बोलणारे साधारण साठ लाख. २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे आठ कोटी तीस लाख. तपासनीसाला तपासणारा दुसरा कागदच ज्या भाषेत नाही, त्या भाषेच्या मुलाने यंत्रावर निमूट विश्वास ठेवायचा किंवा विचार करण्यासाठी आपली भाषा सोडायची, एवढेच उरते. फलकांवरच्या आणि सरकारी कागदांवरच्या मराठीसाठी सीमाभागाने वर्षानुवर्षे लढा दिला, तो योग्यच होता. पण डावपेच आखण्याची भाषा मुलगा बाराव्या वर्षी बदलतो, तेव्हा कोणत्या फलकाकडे बोट दाखवणार?

दुसरी बाजू शुद्धिवाद्यांची. समिती नेमावी, संस्कृत धातू शोधावेत, कोश छापावा, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी विटीदांडू आठवावा. वकट, लेंड, मूंड, नाल ही मोजणी आपल्या कित्येक पिढ्यांनी केली. वकट म्हणजे तेलुगू ओकटि, लेंड म्हणजे रेंडु, मूंड म्हणजे मूडु, नाल म्हणजे नालुगु. शेजाऱ्याचे आकडे अंगणात आले, मराठी जिभेवर घासले आणि मराठीच झाले. हैदराबादच्या वाचकांना हे सांगण्याची गरज नाही. कोणत्याही समितीने ते मंजूर केले नव्हते. तेव्हा ‘स्टन’ राहू द्यावा. पण ‘तो स्टन झाला, आता त्याला काही करता येणार नाही’ हे वाक्य नीट मराठी असावे. कूलडाऊनला ‘दम’ का म्हणू नये? ‘मंत्र दम खातो आहे, आठ सेकंद थांब’ हे कोणालाही कळेल.

आणि मराठी असण्याचा लाभ शब्दांपुरता नाही. पाच जणांच्या संघात ‘आम्ही पुढे जातो’ आणि ‘आपण पुढे जाऊ’ या दोन निरनिराळ्या आज्ञा आहेत: पहिलीत ऐकणारा मागे थांबतो, दुसरीत तोही निघतो. इंग्रजीला हा भेद सर्वनामात दाखवता येत नाही, प्रमाण हिंदीलाही नाही. सांघिक खेळात सल्ला देणाऱ्या यंत्राला याहून उपयोगी व्याकरण कोणते मिळेल? आज मात्र ते ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वाटेल तसे फेकते.

साधने बनवणाऱ्यांकडे आमची मागणी मोजकी आहे. कौशल्याचे मूळ नाव तसेच ठेवावे, त्याचे कार्य सरळ मराठीत सांगावे, आणि प्रत्येक आकड्यासमोर तो खेळाच्या कोणत्या आवृत्तीतला आहे हे लिहावे. मराठी प्रश्नाला मिळालेले हिंदी वळणाचे उत्तर चूक म्हणून नोंदवण्याची सोय द्यावी. आणि ती मिळाली की खेळणाऱ्यांनी प्रत्येक वेळी ती वापरावी, कंटाळू नये. ‘रूट’साठी आम्ही ‘जखडणे’ सुचवतो, ‘सायलेन्स’साठी ‘वाचा बंद’. इंदूर, बडोदे, गोवे, निपाणी, खानापूर येथील खेळणाऱ्या मुलांच्या तोंडी याहून चपखल काही असेल, तर ते आम्हांला कळवावे. आमचे शब्द आम्ही त्याच दिवशी मागे घेऊ.