परदेशात स्टिअरिंग हाती घेताना



चार घरे मिळून लुंबिनीला निघायचे, किंवा भिशी लागली म्हणून श्रीलंकेचे विमान बघायचे, असे बेत आता आपल्या घरांतूनही होतात. १९५० साली बाबासाहेब श्रीलंकेला गेले, १९५६ च्या नोव्हेंबरात काठमांडूला गेले, हे आपल्या पोराबाळांनाही ठाऊक असते. बेत ठरला की घरातले कोणीतरी म्हणतेच, "तिथे ड्रायव्हरला पैसे कशाला? आपला थोरला आहे की!" थोरला रोज टेम्पो नाहीतर ट्रक चालवतो, हात तयार आहे, हे खरे. पण परमुलखात हाताआधी कागद बघतात, आणि गाडीला धक्का लागला तर पैसे कोणी भरायचे, हे त्याच्याही आधी ठरलेले असते.

कागदाचे काम अवघड नाही. आपल्या लायसन्सच्या जोरावर आरटीओ 'आंतरराष्ट्रीय वाहन परवाना' देते. नमुना ४-अ चा अर्ज, लायसन्स, पासपोर्ट आणि १,००० रुपये फी. मुदत जास्तीत जास्त एक वर्षाची. मूळ लायसन्स आधी संपत असेल तर हा परवानाही त्याच दिवशी संपतो, म्हणून तिकीट काढण्याआधी लायसन्सवरची तारीख बघावी. दोन्ही कागद बरोबर लागतात, एकावर भागत नाही. श्रीलंकेत एवढ्यानेही होत नाही, तिथल्या यंत्रणेची वेगळी मंजुरी घ्यावी लागते.

नेपाळ, श्रीलंका, थायलंड या तिन्ही देशांत आपल्यासारखीच डावीकडून वाहतूक आहे. म्यानमारने मात्र १९७० साली बाजू बदलली आणि तिथे उजवीकडून चालवतात. दुबईतही उजवीकडूनच. वीस वर्षे डावीकडून चालवलेला माणूस चौकात वळताना सवयीने चुकतो, आणि जितका जुना ड्रायव्हर तितकी सवय घट्ट.

आता पैशाचे. परदेशातल्या कंपन्या गाडीचे भाडे कमी दाखवतात, पण चावी देताना क्रेडिट कार्डावर मोठी रक्कम अडकवून ठेवतात. रोख रक्कम बहुतेक ठिकाणी चालत नाही. आपल्याकडे किती घरांत असे कार्ड आहे? शिवाय गाडीचा विमा असला तरी नुकसानीचा पहिला ठरावीक हिस्सा भाड्याने घेणाऱ्याच्या गळ्यात असतो. हा आकडा भाड्याच्या आधी विचारावा. गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंचे, टायरचे, काचांचे फोटो त्यांच्या माणसासमोरच काढावेत. जुना ओरखडा आपल्या नावावर चढला तर बिड्या वळून साठवलेले पैसे एका पत्र्यापायी जातील.

लुंबिनीची गोष्ट थोडी निराळी, कारण तिथे इथलीच गाडी नेता येते. आपले लायसन्स नेपाळात चालते. सोनौलीच्या सीमेवर गाडीचा दिवसावारी कर भरावा लागतो, त्याला तिथे 'भन्सार' म्हणतात. पण गाडीचा नेहमीचा विमा भारताच्या हद्दीत संपतो. जादा हप्ता भरून नेपाळपुरता वाढवून मिळतो, पण तो निघण्यापूर्वी, कंपनीकडून लेखी घ्यावा.

इथे एक घातक प्रकार सांगायलाच हवा. ओळखीच्या माणसाची पांढऱ्या पाटीची गाडी 'डिझेल तुझे, एवढे पैसे माझे' म्हणून न्यायची. पांढरी पाटी म्हणजे खासगी गाडी. स्वतः चालवायला भाड्याने मिळणाऱ्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरे पिवळी असतात, टॅक्सीची पाटी पिवळी आणि अक्षरे काळी. खासगी गाडी भाड्याने दिली होती असे उघड झाले, तर विमा कंपनी हात वर करू शकते. मग गाडीवाला ओळखीचा, जखमी नातेवाईक, आणि भरणारे आपण. काळ्या पाटीची गाडी घेतली तरी सीमा ओलांडायची मालकाची लेखी संमती हवीच.

माझे मत विचाराल तर लुंबिनीला पुण्या-मुंबईहून गोरखपूरपर्यंत रेल्वेने जावे. तिथून सोनौली शंभरेक किलोमीटर, पुढे लुंबिनी पंचवीसेक. एवढ्यासाठी तिथलीच जीप ड्रायव्हरसकट ठरवावी. माणशी खर्च वाटून घेतला तर जड जात नाही. बरोबर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र घ्यावे. १५ ते ६५ वयाच्या माणसांना तिथे आधार कार्डावर सोडत नाहीत, आणि हे सीमेवर जाऊन कळले तर अख्ख्या गटाचा खोळंबा होतो.

आणि थोरल्याला एकदा विचारा तरी. वर्षभर तो दुसऱ्यांच्या गाड्या चालवतो. आई मागच्या सीटवर खिडकीतून बघत बसलेली, पोरे गाणी म्हणताहेत, आणि त्याची नजर पुन्हा रस्त्यावर. कदाचित तो हौसेने हो म्हणेल. कदाचित त्यालाही खिडकीची जागा हवी असेल.