इंग्रजी पत्रांतील मायना

आमच्या घरांतील एका तरुणानें गेल्या महिन्यांत लंडनच्या गिऱ्हाइकास ई-मेल धाडला : 'हाय, सॉरी फॉर द डिले!' लिहिणाराच्या मनांत सलगी होती. वाचणारास बेपर्वाई दिसली, व मागणी रद्द होण्याची वेळ आली. दुसरे दिवशीं 'वुई अपॉलॉजाइझ' असें लिहून माल पोंचण्याची तारीख कळविली, तेव्हां कोठें प्रकरण निवळलें.

वस्तुतः हा विवेक आपणांस नवा नाहीं. वडिलांस 'तीर्थरूप', धाकट्यास 'चिरंजीव' व परक्या गृहस्थास 'सा. न. वि. वि.' हें वळण पूर्वापार चालत आलें आहे. इंग्रजांचीही रीत अशीच. नांव ठाऊक नसतां 'डिअर सर ऑर मॅडम' असा आरंभ व 'युअर्स फेथफुली' असा शेवट. आडनांवानें संबोधिल्यास 'युअर्स सिन्सिअरली'. पहिलें पत्र, तक्रार, दिलगिरी व पैशाचा तगादा यांत भाषा अदबीचीच असावी. मात्र समोरचा गृहस्थ नुसत्या पहिल्या नांवानें सही करूं लागला, कीं आपणही त्यास त्याच नांवानें लिहावें. तेव्हां 'डिअर सर' धरून बसणें तुटकपणाचें ठरतें.

अदबीकडून सलगीकडे जाणें सोपें. उलट गेल्यास रुसवा दिसतो. म्हणून प्रारंभ अदबीनें करावा, इतकेंच आमचें सांगणें आहे.