गोधडीसाठी कापलेले तयार तुकडे: वेळ वाचतो, पण पैसे कुणाच्या मजुरीतून जातात?

थंडीचे दिवस जवळ आले की ग्रामीण भागातल्या बचत गटांकडे गोधडीची विचारणा वाढते. शहरातल्या प्रदर्शनांमध्ये गोधडी, दुपटं, गोधडीच्या कापडाच्या पिशव्या आता हमखास दिसतात. मागणी आली की पहिला प्रश्न कापडाचा. आतापर्यंत उत्तर सोपं होतं. घरातली जुनी लुगडी-साड्या आणि शिंप्याकडच्या किंवा वजनावर आणलेल्या चिंध्या. आता त्यात तिसरा पर्याय आलाय. एकाच मापाचे, चौकोनी, छापील सुती तुकडे पाकिटात मोजून मिळतात. दुकानात मिळतात, मोबाईलवरूनही मागवता येतात. कापायची कटकट नाही, थेट शिवायला बसायचं.

कटकट जाते हे खरं. पण त्यासाठी जे जास्तीचे पैसे मोजावे लागतात ते परवडतात का, याचा हिशोब फार थोड्या ठिकाणी मांडला जातो. गोधडीचा विक्रीचा भाव गिऱ्हाईक ठरवतं. तो वर सरकत नाही. मग कापडावर वाढलेला खर्च शेवटी शिवणाऱ्या बाईच्या मजुरीतूनच जातो. म्हणून हा विषय दिसतो तेवढा किरकोळ नाही.

एका गोधडीला कापड लागतं किती?

पाच फूट बाय सात फूट, म्हणजे ६० बाय ८४ इंचाची गोधडी धरू. बाजारात पाच इंची चौकोनी तुकडा नेहमी मिळतो. जोडताना चारही बाजूंनी पाव-पाव इंच माया जाते. म्हणजे शिवल्यावर पाच इंचाचा तुकडा साडेचार इंचच दिसतो. त्या हिशोबाने आडवे १४ आणि उभे १९, असे २६६ तुकडे लागतात.

इथे पहिली गोम आहे. तुकडा जेवढा लहान, तेवढं कापड मायेत जास्त जातं. तीन इंची तुकड्यात जवळजवळ ३१ टक्के कापड शिवणीत लपतं. पाच इंचीत १९ टक्के, तर दहा इंचीत १० टक्क्यांच्याही आत. शिवणीचंही तसंच. पाच इंची तुकड्यांची वरची बाजू जोडायला साधारण ५७ मीटर शिवण मारावी लागते. दहा इंची घेतले तर ६३ तुकड्यांत काम होतं आणि शिवण साडेसव्वीस मीटरवर येते. दोरा, वीज आणि वेळ, तिन्ही निम्म्यावर. लहान तुकड्यांचं पाकीट दिसायला स्वस्त वाटतं, पण पुढचा सगळा खर्च तेच वाढवतं. त्यामुळे पाकिटात नग किती आहेत हे बघण्याआधी माप काय आहे ते बघावं.

दुसरी गोष्ट वजनाची. मध्यम जाडीचं सुती कापड चौरस मीटरला १२० ग्रॅमच्या आसपास भरतं. आपले २६६ तुकडे मिळून सव्वाचार चौरस मीटरच्या थोडं वर होतात, म्हणजे वजन साधारण अर्धा किलो. पाकीट काट्यावर ठेवा आणि किलोला भाव काढा. चिंधीचा भाव किलोत आणि तुकड्यांचा भाव नगात असतो, त्यामुळे तुलना होतच नाही. दोन्ही किलोवर आणले की खरा फरक दिसतो.

हिशोब मांडून बघू

खालचे दर समजण्यासाठी धरलेले आहेत. प्रत्येक गटाने इथे आपापल्या बाजाराचे दर घालावेत.

समजा चिंधी १२० रुपये किलो मिळाली. त्यातली निम्मी वाकडी, फार लहान किंवा टेरिकॉटची निघाली. म्हणजे उपयोगी कापड २४० रुपये किलो पडलं. अर्ध्या किलोला साधारण १२५ रुपये. आता कापणीचा वेळ. इस्त्री करून, साचा ठेवून, कात्रीने तासाला ६० तुकडे निघाले तर २६६ तुकड्यांना साडेचार तास लागतात. या वेळेची किंमत धरायचीच. बाईचा वेळ फुकटचा असतो असं समजूनच आपल्याकडचे निम्मे गृहउद्योग तोट्यात जातात. रोजगार हमीचा २०२५-२६ चा महाराष्ट्रातला दर दिवसाला ३१२ रुपये होता. आठ तासांनी भागला तर तासाला ३९ रुपये. साडेचार तासांचे १७५ रुपये.

कापड आणि कापणी मिळून ३०० रुपये. म्हणजे घरी कापलेला एक तुकडा १ रुपया १३ पैशांना पडला. तयार तुकडा समजा ३ रुपयांना मिळत असेल तर २६६ तुकड्यांचे ७९८ रुपये होतात. एका गोधडीमागे जवळजवळ ५०० रुपये जास्त, आणि बदल्यात वाचले साडेचार तास. वाचलेल्या तासाचा भाव शंभर रुपयांच्या वर गेला. त्या तासात शंभर रुपयांच्या वरचं दुसरं काम हातात असेल तरच हा सौदा बरा.

तुकडे विकणारा लुबाडतो असा याचा अर्थ नाही. चांगलं कापड घेणं, इस्त्री, कापणी, घट, पाकीट, वाहतूक हे सगळं त्याच्याही अंगावर पडतं. प्रश्न एवढाच की तो खर्च आपल्या गोधडीच्या भावात बसतो का.

तयार तुकडे कुठे परवडतात?

काही ठिकाणी ते परवडतात, हेही सांगायला हवं.

पहिलं, मशीनवर एकसारख्या नगांची ऑर्डर असेल तेव्हा. हाताने कापताना एका तुकड्यात एका सुताची चूक सहज होते. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, डोळ्याला दिसतही नाही. पण १४ तुकड्यांच्या ओळीत तीच चूक एका बाजूला साठली तर पावणेदोन इंच होते. मग ओळी जुळत नाहीत, चुण्या पडतात, उसवाउसवी होते. मुदतीच्या ऑर्डरीत उसवण्याचा वेळ कापण्यापेक्षा महाग पडतो.

दुसरं, लहान वस्तू. बाळाच्या ३६ बाय ३६ इंची दुपट्याला आठ बाय आठ, असे बरोबर ६४ तुकडे लागतात. वरच्याच दरांनी फरक १२० रुपयांचा येतो. भेट म्हणून घेतलं जाणारं, रंग जुळवलेलं दुपटं तेवढा भार उचलू शकतं.

तिसरं, नवीन शिकणाऱ्या मुलींचा पहिला नग. सरळ तुकडे हातात असले की शिवणीवर लक्ष राहतं.

अमेरिकेत या तुकड्यांचा मोठा धंदा आहे. पाच इंची ४२ तुकड्यांचं पाकीट, दहा इंची ४२ तुकड्यांचं पाकीट, अडीच इंची ४० पट्ट्यांची गुंडाळी, अशी तिथे ठरलेली मापं आहेत. पण तिथे घेणाऱ्यांत हौशी लोक जास्त. वस्तू विकायची नसते, त्यामुळे सोय हाच फायदा. आपल्या गटांना मात्र कर्जाचा हप्ता भरायचा असतो. तिथलं बघून इथे खरेदी करताना हा फरक विसरता येत नाही.

हाताच्या गोधडीला चौकोनच कशाला?

आपली जुनी गोधडी चौकोन जोडून सुरूच होत नाही. खाली जुन्या साडीचे थर, वर ठिगळं, कडा आत दुमडायच्या आणि सगळ्यावरून धावदोरा. ठिगळ एकमेकांवर चढलं तरी चालतं, वाकडं असलं तरी चालतं. सगळा भार खालच्या थरांवर असतो. या पद्धतीत एकमापी तुकड्यांसाठी जादा पैसे मोजणं म्हणजे ज्याची गरजच नाही ते विकत घेणं.

शिवाय शहरातलं गिऱ्हाईक हातगोधडीला जो भाव देतं तो तिच्या जुन्या कापडाला, हाताच्या टाक्याला आणि दुसरी तशीच मिळत नाही याला देतं. सगळे चौकोन सारखे, छापील आणि नवे झाले की ती गोधडी मशीनवरच्या रजयांच्या रांगेत जाऊन बसते. तिथे जयपुरी रजईच्या भावाशी टक्कर आहे आणि त्यात आपला गट टिकणं अवघड. काही ठिकाणी गिऱ्हाईक स्वतःच्या घरातल्या साड्या देऊन फक्त मजुरी देतं. त्या कामात कापडाचा खर्चच नाही. असं काम हातचं सोडू नये.

कात्री कुणाच्या हातात?

याला एक मोठी बाजू आहे. २०२४-२५ मध्ये राज्यात शाळेच्या गणवेशाची शिलाई महिला बचत गटांकडे दिली होती. कापड कापून पुरवलं जायचं, गटांनी फक्त शिवायचं. कापड उशिरा पोहोचल्याच्या, मापं न जुळल्याच्या तक्रारी झाल्या आणि डिसेंबर २०२४ मध्ये गणवेशाचं काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे देण्याचा निर्णय झाला. त्यातून घेण्यासारखा धडा असा, की कापणी दुसऱ्याच्या हातात गेली की शिवणारीला वाट बघत बसावं लागतं, आणि चुकीचं माप आलं तरी बोलणी तिलाच बसतात.

सरकारच्या 'लखपती दीदी' योजनेत घराचं वर्षाचं उत्पन्न किमान एक लाख रुपये व्हावं असं उद्दिष्ट आहे. एका गोधडीमागे ५०० रुपये सुटले तर लाखासाठी २०० गोधड्या लागतात. शेत-घर सांभाळून हाताने तेवढ्या होणं एका बाईला शक्य नाही. म्हणजे गोधडी हे जोडउत्पन्नच राहणार, आणि म्हणूनच तिच्यातले ५०० रुपये कापडात घालवणं परवडणारं नाही.

मार्ग अवघड नाही. ग्रामसंघाने मिळून चिंधी घ्यावी. ज्या बाईचा हात सरळ आहे तिला कापणीचं काम नगावर मजुरी देऊन सोपवावं. पत्र्याचा किंवा जाड पुठ्ठ्याचा साचा, चांगली कात्री, जमल्यास गोल पात्याचा कटर आणि त्याखाली घालायचा मॅट, एवढ्यावर भागतं. कटरने चार-सहा थर एकदम कापता येतात, वेळ निम्म्यावर येऊ शकतो. उरलेल्या पट्ट्या पायपुसण्याला आणि उशीत भरायला जातात. हात बसला की हेच कापलेले तुकडे दुसऱ्या गटांना विकताही येतील. जादा पैसे मग तालुक्यातच राहतील.

घ्यायचेच असतील तर

पाकीट घेण्याआधी एक तुकडा मागून घ्या. चारही बाजू आणि दोन्ही कर्ण टेपने मोजा. कर्ण सारखे नसतील तर चौकोन वाकडा आहे. एक धागा काढून जाळून बघा. सुताला कागद जळल्याचा वास येतो आणि राख भुरभुरीत होते. पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. तुकडा ओला करून पांढऱ्या फडक्यावर ठेवून इस्त्री फिरवा, रंग लागला तर लाल-मरून तुकडे बाजूला काढा. वाळल्यावर पुन्हा मोजा, आटला किती ते कळेल. कापलेले तुकडे आधी धुवून घेता येत नाहीत, कडा सुटतात. त्यामुळे ही परीक्षा खरेदीआधीच करायला हवी.

थोडक्यात, मुदतीची मशीनची ऑर्डर आणि दुपट्यासारख्या लहान वस्तूंना तयार तुकडे घ्यायला हरकत नाही. हाताच्या पूर्ण गोधडीला ते घेऊ नयेत. आणि कोणत्याही खरेदीआधी गटाच्या वहीत तीन आकडे लिहावेत: तुकड्यांचा किलोमागे भाव, कापणीचे तास आणि गोधडीला मिळणारी किंमत. हे तीन आकडे समोर असले तर घ्यायचं की नाही हे बैठकीत पाच मिनिटांत ठरतं.